पडद्याआड कोण कोण बसलंय?

अभ्यासशिबिराची कार्यक्रमपत्रिका हातात आली की मी आधी वेळेचा रकाना बघते. सकाळी दहा ते एक 'सैद्धांतिक मांडणी'. तिथं डॉ. अमुक, प्रा. तमुक आणि खाली विद्यापीठाचं नाव. मग जेवण. मग तीन ते पाच 'कार्यकर्त्यांचे अनुभवकथन', आणि तिथली नावं दोन-तीन झाली की 'व इतर'. एप्रिलच्या उन्हात मंगल कार्यालयात पोटभर जेवून, सतरंजीवर बसून ज्यांनी तीनचं सत्र ऐकलंय त्यांना त्या वेळी काय होतं ते सांगायला नको. वर पंखा गरगरतोय, भिंतीला टेकलेले डुलताहेत, मागून भांडी घासल्याचा आवाज येतोय आणि माइकवर एक बाई पुनर्वसनाची जमीन कागदावर मिळाली नि प्रत्यक्षात कुठं गेली ते सांगतेय. सकाळचे वक्ते तोवर पुण्याच्या वाटेला लागलेले असतात.

ही वाटणी कुणी वाईट हेतूनं केलेली नसते. आयोजक भली माणसं असतात, बहुतेक वेळा आमच्याच ओळखीतली. पाहुण्यांना गाडी गाठायची असते, म्हणून त्यांना सकाळी घेतलं, एवढंच त्यांच्या डोक्यात असतं. पण वर्षानुवर्षं असंच चालत आलं की कार्यकर्त्यालाही सवय लागते. तो माइक हातात घेतला की "मी काही अभ्यासक नाही, मी आपला अनुभव सांगतो" असं म्हणूनच सुरुवात करतो. त्यानंतर तो जे बोलतो त्यात कधी कधी सकाळच्या मांडणीचा पाया उखडणारा मुद्दा असतो. पण अनुभव म्हणून सांगितलेल्या गोष्टीचा प्रतिवाद कुणी करत नाही. टाळ्या वाजवतात, डोळे पुसतात, पुढच्या वक्त्याचं नाव घेतात.

मी सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी राज्यशास्त्र शिकवते. विद्वानांत गेले की मला चळवळीतली समजतात आणि चळवळीत गेले की प्राध्यापक. चहा दोन्हीकडं मिळतो, मत सहसा कुणी विचारत नाही. त्यामुळे दोन्ही बाजूंच्या खोडी निवांत बघायला मिळाल्या.

या वाटणीवर सगळ्यात बोचरं लिहिलं ते राज्यशास्त्राचे अभ्यासक गोपाळ गुरूंनी. २००२ साली 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'त त्यांनी विचारलं की भारतातली समाजविज्ञानं स्वतः कितपत समतावादी आहेत. एकीकडे सिद्धांत मांडणारे ब्राह्मण, दुसरीकडे माहिती नि आकडे पुरवणारे शूद्र, अशी उतरंड ज्ञानाच्या व्यवहारातही आहे, हे त्यांचं म्हणणं. हा भाग आमच्याकडं सगळे सांगतात. लेखाचा दुसरा भाग मात्र सोयीस्करपणे गळतो. कविता आणि आत्मकथन कितीही थोर असली तरी सिद्धांताची जागा ती घेऊ शकत नाहीत, दलितांनी सिद्धांत करणं ही नैतिक जबाबदारी मानली पाहिजे, असंही ते त्याच लेखात बजावतात. मराठी वाचकाला हे ऐकायला अवघड जातं. दलित आत्मकथनांवर आपण मनापासून प्रेम केलं, ती अभ्यासक्रमाला लावली, त्यांवर प्रबंध लिहिले, आणि ती वाचली म्हणजे आपलं काम झालं असं धरून चाललो. ते दुःख वाचून हळहळणं सोपं होतं. त्याच माणसानं 'तुमची न्यायाची कल्पनाच चुकीची आहे' असं म्हटलं असतं तर उत्तर द्यावं लागलं असतं.

असं उत्तर देण्याची वेळ आलेलं एक सत्र माझ्या चांगलं लक्षात आहे. विषय होता अमेरिकन तत्त्वज्ञ जॉन रॉल्स. विद्यापीठातून आलेले सर तरुण होते, मराठीत बोलत होते आणि चांगलं शिकवत होते. रॉल्सचा १९७१ चा न्यायावरचा ग्रंथ ज्यांनी वाचलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. समजा समाजाचे नियम ठरवायला आपण बसलोय, पण मध्ये एक पडदा आहे. त्या पडद्याआड कुणालाच माहीत नाही की आपण श्रीमंत की गरीब, हुशार की मठ्ठ, धडधाकट की अशक्त. असं असेल तर माणूस असे नियम निवडेल की ज्यात सगळ्यात तळाच्या माणसाचंही बरं चालेल, कारण तो तळाचा माणूस आपणच निघायचो. विषमता ठेवायचीच तर ती तळच्याच्या भल्याची असली तरच चालेल, हा त्यातून निघणारा नियम. सरांनी फळ्यावर पडदा म्हणून एक उभी रेघ ओढली होती.

आमचे तात्या पुढंच बसले होते. आटपाडीकडचे, पाण्याच्या चळवळीत आयुष्य गेलेलं. ते म्हणाले, "सर, आमच्यात कालव्याचा सायब आदी सातबारा मागतोय. तुमच्या पडद्याआड सातबारा न्यायचा का न्हाय?"

"नाही तात्या, तिथं सातबारा चालत नाही."

"मग बरं हाय. आता सांगा, ती मानसं पानी जमिनीला देतील का मानसाला?"

सर थांबले. लोक हसले, पण तात्या विनोद करत नव्हते. हा प्रश्न पश्चिम महाराष्ट्राच्या दुष्काळी पट्ट्यात चार-पाच दशकं चाललेल्या भांडणाचा आहे. सरकारी हिशेबात पाणी लाभक्षेत्रातल्या जमिनीला मिळतं. ज्याची जमीन जास्त त्याचं पाणी जास्त, ज्याला जमीनच नाही त्याला शून्य. १९७२ च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यातल्या नायगावात विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायतीचा प्रयोग सुरू केला आणि हा हिशेब उलटा केला. माणशी अर्ध्या एकराचं पाणी, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकराचं. पन्नास एकर असले तरी अडीचच. भूमिहीनालाही वाटा. ऊस लावायचा नाही. आणि जमीन विकली तरी तिच्याबरोबर पाण्याचा हक्क विकला जायचा नाही. साळुंखे व्यवसायानं इंजिनिअर, पुण्यात कारखाना होता त्यांचा. नियम वाचताना तो काटेकोर हात जाणवतो.

पुढं आमच्या खानापूर तालुक्यात येरळेच्या काठी हेच वेगळ्या वाटेनं आलं. १९८२ चा गिरणी संप लांबला तसे मुंबईचे कामगार गावी परतले. त्यांनी गावात काय बघितलं, तर नदी कोरडी आणि कंत्राटदार वाळूचे ट्रक भरून नेतोय. त्यातून मुक्ती संघर्ष चळवळ उभी राहिली. कंत्राटदाराला अडवलं, थोडी वाळू गावानंच विकून पैसा उभा केला आणि बळीराजा स्मृती धरण बांधलं. त्या पाण्यावर भूमिहीनांचाही हक्क धरला गेला. भारत पाटणकर आणि गेल ऑम्व्हेट या चळवळीच्या आतले होते. गेलबाई तर बर्कलीच्या विद्यापीठात सत्यशोधक चळवळीवर प्रबंध लिहून इकडं आलेल्या आणि कासेगावच्याच झालेल्या. १९९३ पासून आटपाडीत नागनाथअण्णा नायकवडींच्या पुढाकारानं पाणी संघर्ष परिषदा भरू लागल्या, तिथंही समन्यायी वाटपाचाच हट्ट.

आता या नियमांना काय म्हणायचं? सकाळच्या सत्राच्या हिशेबानं हा अनुभव. पण पाणी हे जमिनीचं शेपूट नाही, ते धरायचा अधिकार माणसाला माणूस म्हणून आहे, हे मालमत्तेविषयीचं विधान आहे, आणि ते कुठल्याही तत्त्वज्ञाच्या तोडीचं धीट आहे. अडीच एकराची कमाल मर्यादा तर रॉल्सपेक्षाही कडक. रॉल्स म्हणेल, बागायतदाराला जास्त पाणी दिल्यानं भूमिहीनाचं भलं होत असेल तर द्या. नायगाव म्हणतं, ते भलं होतंय की नाही हे ठरवणारा बागायतदारच असतो, तेव्हा ती वाटच नको. यावर सरांना आणि तात्यांना तासभर भांडता आलं असतं. पंधरा मिनिटं भांडलेही. सरांनी रॉल्सची बाजू सोडली नाही, हे मला आवडलं. "तुमचं बरोबर आहे तात्या" असं म्हणून गोड हसणारे वक्ते मला आवडत नाहीत. ते हरत नसतात, टाळत असतात.

मग अक्का उठल्या. साठीच्या, नऊवारी, हातात पिशवी. कार्यकर्त्या म्हणून जुन्या, बोलायला कमी. त्यांनी फळ्यावरच्या रेघेकडं बोट केलं.

"सर, पडद्याआड बसल्यात ती समदी गडीमाणसंच हैत का?"

सर प्रामाणिक होते. त्यांनी सांगितलं की रॉल्सच्या मूळ मांडणीत ही माणसं कुटुंबप्रमुख म्हणून कल्पिलेली आहेत, म्हणजे ती आपल्या पुढच्या पिढ्यांचाही विचार करतील.

"झालं तर मग," अक्का म्हणाल्या. "रेशन कार्डावर पयलं नाव कुनाचं आसतंय? नवऱ्यानं टाकलेली बाई माहेरात भावाच्या कार्डावर असती. नवऱ्याच्या कार्डावरनं तिचं नाव काढल्यालं नसतंय, भावाच्या कार्डावर चढल्यालं नसतंय. तुमी पानी घरटी द्या न्हायतर मानशी द्या, ती कुठल्या घरातलं मानूस?"

ही गोष्ट अन्नसुरक्षा कायद्याच्या आधीची. आता कार्डावर कुटुंबप्रमुख म्हणून घरातल्या मोठ्या बाईचं नाव येतं, तेव्हा येत नसे. अक्का बोलत होत्या त्याच्या मागं ऐंशीच्या दशकातली परित्यक्तांची चळवळ होती. इंदुताई पाटणकरांनी आमच्या जिल्ह्यात नवऱ्यानं टाकलेल्या बायकांना एकत्र आणलं, त्यांच्यासाठी जागा मागितली, जमीन मागितली, स्वतंत्र माणूस म्हणून नोंद मागितली. तेव्हा शहरी पुरोगाम्यांनाही हे फार आतबट्ट्याचं काम वाटत असे.

माझं त्या क्षणी तात्यांकडं लक्ष गेलं. कारण अक्कांचा बाण रॉल्सला लागून पुढं त्यांच्यापर्यंत गेला होता. पाणी चळवळीचा 'माणशी' हिशेबही शेवटी कुटुंबाच्या नावावरच मांडला जायचा. तात्या काही बोलले नाहीत, टोपी काढून पुन्हा घातली.

सरांनी मग जे केलं ते मी फार थोड्या वक्त्यांना करताना पाहिलंय. त्यांनी सांगितलं की हाच आक्षेप अमेरिकेत सुझन ओकिन या बाईंनी १९८९ साली पुस्तकभर मांडला आहे. न्यायाचा एवढा मोठा सिद्धांत कुटुंबाच्या उंबऱ्यापाशी येऊन थांबतो, आत काय चालतं ते बघत नाही, असं तिचं म्हणणं. पडद्याआडच्या माणसाला आपल्याबद्दल काय काय माहीत नसतं याची रॉल्सनी पहिल्यांदा जी यादी दिली, तीत आपण बाई आहोत की पुरुष हे नव्हतंच, हेही तिनं दाखवलं. रॉल्सनी ते नंतर मान्य केलं होतं. अक्कांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "तिला कुनी टाकल्यालं का?" सरांना ते माहीत नव्हतं. सगळे हसले, अक्काही.

महिनाभरानं शिबिराचा अहवाल आला. सरांच्या मांडणीला तीन पानं दिली होती, आणि रास्तच होती. नंतर एक ओळ: 'महिला कार्यकर्त्यांनीही आपले अनुभव सांगितले.' अक्कांनी त्या दिवशी एकही अनुभव सांगितलेला नव्हता. स्वतःबद्दल चकार शब्द काढला नव्हता. त्यांनी आक्षेप घेतला होता. पण अहवाल लिहिणाऱ्याकडं त्यासाठी रकाना नव्हता. ते वाचून मी जेवढी चिडले तेवढ्या अक्का चिडल्या नाहीत; "आपलं नाव तरी कुटं घातलंय, बरं झालं" एवढंच म्हणाल्या.

आक्षेपाला आक्षेपाचा मान देण्याचा आपल्याकडचा सर्वांत चांगला नमुना १९३६-३७ चा आहे. लाहोरच्या जातपात तोडक मंडळानं बाबासाहेबांना अध्यक्षीय भाषणाला बोलावलं, छापील मसुदा बघून काही मजकूर वगळा म्हणाले, बाबासाहेबांनी स्वल्पविरामही बदलणार नाही म्हणून कळवलं आणि परिषदच रद्द झाली. बाबासाहेबांनी ते न केलेलं भाषण स्वतः छापलं. पंधराशे प्रती दोन महिन्यांत संपल्या. जात म्हणजे नुसती श्रमांची विभागणी नाही, श्रमिकांची विभागणी आहे, हे त्यातलंच. एवढं सगळ्यांना ठाऊक असतं. मला त्याहून महत्त्वाची वाटते ती पुढच्या वर्षीची दुसरी आवृत्ती. गांधीजींनी 'हरिजन'मध्ये या भाषणावर टीका केली होती. बाबासाहेबांनी ती टीका जशीच्या तशी आपल्या पुस्तकात घातली आणि तिच्यामागं मुद्द्यागणिक उत्तर छापलं. विरोधकाचा मजकूर आपल्या पदरच्या पैशानं छापायचा, म्हणजे वाचणाऱ्याला दोघांत निवाडा करता येईल. माणूस कोलंबियात आणि लंडनमध्ये शिकलेला, महाडच्या तळ्यावर गेलेला. त्याला सकाळच्या सत्रात बसवायचं की दुपारच्या, हे आपल्या आयोजकांना जमलं नसतं.

अर्थात दोष एकाच बाजूला नाही. चळवळीच्या बाजूची एक खोड मला फार छळते. चर्चा कुठं रंगात यायला लागली की मागून कुणीतरी विचारतं, "हे सगळं ठीक आहे, पण मग करायचं काय?" या प्रश्नाला चळवळीत फार मान आहे. तो विचारला की विचारणारा आपोआप जमिनीवरचा आणि बाकीचे हवेतले ठरतात. पुष्कळदा तो विचार थांबवण्यासाठीच विचारलेला असतो.

यावरून जर्मनीत फार कडू प्रसंग झाला होता. फ्रँकफर्टच्या ज्या संस्थेतून चिकित्सक सिद्धांत हा विचारप्रवाह निघाला, तिथल्याच होर्कहायमरनं १९३७ साली लिहून ठेवलं होतं की हा सिद्धांत जगाचं नुसतं वर्णन करणारा नाही, माणसाच्या मुक्तीशी बांधलेला आहे. बत्तीस वर्षांनी, ३१ जानेवारी १९६९ ला, विद्यार्थी त्याच संस्थेत घुसून बसले आणि तेव्हाचा तिथला संचालक अडोर्नो यानं पोलीस बोलावले. आंदोलकांच्या पुढं जो होता तो हान्स-युर्गेन क्राल अडोर्नोचाच पीएचडीचा विद्यार्थी. त्याच संस्थेतला त्याचा जुना सहकारी, अमेरिकेत असलेला मार्क्युजे, याला हे पटलं नाही. पोलीस आणि डावे विद्यार्थी यांत निवडायचं झालं तर मी विद्यार्थ्यांच्या बाजूनं, असं त्यानं मित्राला कळवलं. दोघांची पत्रं उन्हाळाभर चालली. विचार करणं ही सुद्धा कृती आहे, लगेच काय करायचं याचा धोशा लावला की विचारच मरतो, असं अडोर्नोचं म्हणणं होतं. ऑगस्टमध्ये अडोर्नो वारला आणि वाद तसाच राहिला.

पोलीस बोलावण्याचं समर्थन मी करणार नाही. पण बाकीच्या मुद्द्यावर माझं मत अडोर्नोकडं झुकतं, आणि हे शिबिरात बोलले की माझी प्राध्यापक म्हणून नोंद पक्की होते. सिद्धांतावरची भांडणं म्हणजे रिकामटेकड्यांचा उद्योग, असं म्हणणाऱ्यानं दलित पँथर आठवावी. मुंबईत १९७२ साली पँथर स्थापन झाली. पुढच्या वर्षीच्या जाहीरनाम्यानं दलित कोण याचं उत्तर देताना अनुसूचित जाती-जमाती, नवबौद्ध, कष्टकरी, भूमिहीन, गरीब शेतकरी, स्त्रिया असे सगळे शोषित त्यात घेतले. ती एक व्याख्या होती, शुद्ध सैद्धांतिक काम. आणि त्याच व्याख्येत मार्क्स किती, बुद्ध-आंबेडकर किती, यावर राजा ढाले आणि नामदेव ढसाळ यांच्यात जे बिनसलं त्यानं १९७४ मध्ये संघटना फुटली. हे भांडण नीट, वेळ देऊन, एकमेकांचं पूर्ण ऐकून झालं असतं तर काय झालं असतं कोण जाणे. वरळीत दंगल पेटलेली असताना नीट भांडायला सवड कुणाला होती?

दुसरी खोड, "सोपं करून सांगा". ही मागणी कार्यकर्ते करतात आणि विद्वान आनंदानं पुरवतात, कारण सोपं करून सांगताना मुद्दा गाळला तर कुणाला कळत नाही. धुळ्याच्या शरद पाटलांनी ही सवलत कुणालाच दिली नाही. जातीचा प्रश्न वर्गाच्या प्रश्नात विरघळत नाही यावरून ते मार्क्सवादी पक्षातून बाहेर पडले, १९७८ मध्ये सत्यशोधक कम्युनिस्ट पक्ष काढला, आणि दास-शूद्रांच्या गुलामगिरीचा माग काढायला पाणिनीच्या व्याकरणात शिरले. आदिवासींच्या जमिनीच्या लढ्यातला माणूस हा. त्यांचं लिखाण अजिबात सोपं नाही. मला एकेक पान दोनदा वाचावं लागतं आणि काही ठिकाणी त्यांची व्युत्पत्ती ओढूनताणून आणलेली वाटते, हेही सांगून टाकते. पण कार्यकर्त्याला अवघड झेपणार नाही असं त्यांनी धरलं नाही. आमचे तात्या सातवी पास. त्यांच्याकडं शरद पाटलांचं पुस्तक आहे, समासात पेन्सिलीच्या खुणा आहेत, दोन-तीन ठिकाणी नुसतं 'कसं काय?' लिहिलंय. माझ्या एम.ए.च्या वर्गात असा समास मला अजून दिसलेला नाही.

तात्यांकडं वेळ आला तो पाय मोडून घरी बसल्यावर, हे मात्र विसरता येत नाही. अवघड वाचायला रिकामा वेळ लागतो आणि तो मजुरी बुडवून काढता येत नाही. सोपं करण्यापेक्षा त्याची काही सोय करता आली तर बघावी.

ही सोय एका गावानं स्वतःपुरती करून ठेवली आहे. ते सांगण्याआधी बासरीची गोष्ट. अमर्त्य सेनांनी २००९ च्या पुस्तकात रॉल्सशी वाद घालताना एक उदाहरण दिलंय. तीन मुलं एका बासरीवरून भांडताहेत. एकीला ती वाजवता येते, दुसऱ्याकडं दुसरं एकही खेळणं नाही, तिसरीनं ती स्वतः खपून बनवली आहे. बासरी कुणाला द्यायची? तिघांच्याही बाजूनं खरी कारणं आहेत, म्हणून न्यायाचं एकच एक परिपूर्ण उत्तर शोधत बसू नका, असं सेन सुचवतात. हे उदाहरण एका शिबिरात सांगितलं, तर गडचिरोलीकडून आलेल्या पोराचा पहिला प्रश्न, "बांबू कुठला?"

त्याच्या जिल्ह्यात हा प्रश्न कोर्टकचेरीचा आहे. १९२७ चा वन कायदा बांबूला झाडात मोजायचा, म्हणजे तो वनखात्याचा. २००६ च्या वनहक्क कायद्यानं तो गौण वनोपजात, म्हणजे मध-डिंकाच्या रांगेत, घातला, म्हणजे गावाचा. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) या गोंड गावाला २००९ मध्ये सुमारे अठराशे हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, तरी बांबू गावाबाहेर न्यायचा वाहतूक परवाना खातं सोडेना. २०११ च्या एप्रिलमध्ये केंद्रीय मंत्री गावात आले तेव्हा कुठं ते परवाना पुस्तक ग्रामसभेच्या हाती पडलं. म्हणजे बासरी बनवणाऱ्या तिसऱ्या मुलीच्या आधी एक चौथा हक्कदार आहे आणि सेनांच्या गोष्टीत तो आलेलाच नाही. पोरानं एवढंच म्हटलं आणि खाली बसला.

मेंढ्याची 'दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही घोषणा सगळीकडं पोचली. तिच्यामागची रचना तेवढी पोचली नाही. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांच्या साथीनं गावानं दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या. एक ग्रामसभा, तिथं निर्णय होतो, तोही सर्वसहमतीनं. दुसरा अभ्यासगट, तिथं निर्णय घ्यायचाच नसतो. तिथं वकील येवो, अधिकारी येवो, विद्यापीठातला कुणी येवो, त्यानं मांडावं, गावानं उलटसुलट विचारावं, रात्र झाली तर होऊ दे. 'मग करायचं काय' या प्रश्नाला तिथं जागा नाही, कारण त्याची जागा दुसरीकडं ठरलेली आहे. आणि बाहेरच्या विद्वानानं कितीही बिनतोड मांडलं तरी ग्रामसभेत त्याला मत नाही. त्यामुळे विद्वानाला नेता व्हायचा मोह होत नाही आणि गावाला त्याच्यापुढं मान तुकवायची गरज पडत नाही. फ्रँकफर्टला असं काही असतं तर, असा एक खोडकर विचार माझ्या मनात येतो.

आम्ही गेल्या काही वर्षांत तसं काहीतरी करून बघतोय. सातआठ जण, महिन्यातून एकदा, तात्यांच्या सोप्यात. रॉल्सवाले सर सवड काढून येतात, मुक्कामाला राहतात. अहवाल लिहायचा नाही असं ठरलंय. वही आहे, तीत ज्याचा आक्षेप त्याच्या नावानं लिहायचा. सध्या भांडण अडलंय ते ऊसतोडीवर. जतच्या बाजूची आणि बीडकडची माणसं दिवाळीच्या सुमारास गाव सोडतात, ती उन्हाळा लागल्यावर परततात. म्हणजे रब्बीला पाणी सुटतं तेव्हा ती गावात नसतात. माणशी पाणी म्हटलं तर त्यांचा वाटा धरायचा का?

तात्या म्हणतात, गावात राहील त्याला पाणी, नाहीतर परगावचे लोक नुसती नावं लावून ठेवतील. अक्का म्हणतात, पाणी नाही म्हणून माणूस गेलं, आणि माणूस गेलं म्हणून पाणी नाही, हा कुठला न्याय? सरांनी मधला मार्ग काढला. वाटा त्यांच्या नावावर ठेवायचा आणि नसतील त्या महिन्यांपुरता दुसऱ्याला वापरायला द्यायचा, मोबदल्यावर. कागदावर हे बरं दिसत होतं. अक्कांनी ते दोन वाक्यांत मोडलं. तोडीला माणशी हिशेब नसतोच, नवरा-बायको मिळून एक कोयता. एकटी बाई गेली तर अर्धा कोयता. उचल, म्हणजे हंगामाआधीची आगाऊ रक्कम, घेतो नवरा, टोळी नेणाऱ्या मुकादमाच्या देण्यात अडकतं सगळं घर, मग पाण्याचा वाटा मुकादम उचलीत लिहून घेणार नाही कशावरून?

सरांनी त्यावर टिपण लिहायला घेतलंय. अक्कांनी त्यांना सांगितलंय, लिवा खुशाल, पण आदी उचलीचा कागद मिळवा आणि त्यावर अंगठा कुनाकुनाचा घेत्यात ते बघून या.